दोन एकर विकून प्राध्यापक व्हावं का?

पत्राचा सारांश: पत्रलेखक ३३ वर्षांचे, पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारे. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र, सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण, तीन माजी मालगुजारी तलावांच्या (जुन्या जमीनदारांच्या, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या गावतलावांच्या) परिसंस्थेवर पीएच.डी. सहा वर्षं एका अनुदानित महाविद्यालयात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवत आहेत. आठवड्याला नऊ तासिका मिळतात आणि पैसे वर्षातून दोनदा, तेही उशिरा. घरी चार एकर धानाची शेती आहे. जिल्ह्यातल्या एका संस्थेत पर्यावरणशास्त्राची जागा निघणार आहे असं एक मध्यस्थ सांगतो आणि त्यासाठी रक्कम मागतो. ती इतकी मोठी आहे की दोन एकर विकून वर कर्ज काढावं लागेल. वडील तयार आहेत. दुसरीकडे नागपुरातल्या एका पर्यावरण सल्लागार कंपनीनं ३८ हजारांची नोकरी देऊ केली आहे. पत्रलेखक विचारतात: “नागपूरला गेलो तर शिकवणं सुटलं. मग तीन तलावांवर एवढी वर्षं घालवली ती कशासाठी? आणि नाही गेलो तर जमीन विकण्यावाचून दुसरा रस्ता दिसत नाही. काय करू?”

उत्तर:

नमस्कार.

तुमचं पत्र मोठं आहे. बहुतेक सगळं रोस्टर (आरक्षणाची बिंदुनामावली), मुलाखती, मध्यस्थाचे फोन आणि लग्नाच्या बैठकीत विचारलं जाणारं “परमनंट आहेत का?” याबद्दल. ते वाचताना तुम्ही थकलेले दिसता. एकाच पानावर तुमचा सूर बदलतो, आणि मी सुरुवात तिथूनच करणार आहे.

तुम्ही लिहिलंय की महाविद्यालयाच्या वेळेमुळे मुलांच्या प्रकल्पांतले पाण्याचे नमुने नेहमी अकरा ते एकच्या दरम्यान घेतले जातात आणि दरवर्षी निष्कर्ष तोच निघतो: विरघळलेला ऑक्सिजन भरपूर, तलाव उत्तम. एका वर्षी तुम्ही मुलांना पहाटे साडेपाचला बांधावर बोलावलंत. बाटलीत बुडबुडा शिरू न देता पाणी भरायला लावलंत, मग मँगनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइड. बाटलीत साका बसला तो फिकट, जवळजवळ पांढरा. त्याच जागेवरच्या दुपारी तीनच्या बाटलीत तो गडद तपकिरी, म्हणजे ऑक्सिजन जास्त. हायपोनं टायट्रेशन केल्यावर पहाटेचा आकडा लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास आला आणि दुपारचा दहाच्या वर. अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात हवेतून विरघळणारा ऑक्सिजन आठच्या आत राहतो, मग हा दहा कुठून आला, असं तुम्ही विचारलंत. शेवाळ दिवसभर ऑक्सिजन तयार करतं आणि रात्री तळ्यातला प्रत्येक जीव तो वापरतो, हे मुलांनी बांधावर बसून स्वतः काढलं. एक ढीवर, म्हणजे मासेमार समाजातली, मुलगी म्हणाली, “आमचे बाबा सांगतात, उन्हाळ्यात पहाटे मासे तोंड वर काढतात. ते हेच का?”

तुम्ही ही हकीकत ‘असे काही समाधानाचे क्षणही असतात’ या वाक्याखाली ढकलून दिली आहे. मला वाटतं तुमच्या प्रश्नाची खरी बाजू तीच आहे. तुम्हाला जे करायला आवडतं ते या पानावर आहे. उरलेली पानं ते ज्या खुर्चीवर बसून करता येईल असं तुम्ही धरून चाललात त्या खुर्चीबद्दल आहेत. या दोन गोष्टी एकच आहेत का, हे जमीन विकायच्या आधी तपासू.

आधी खुर्चीचं बोलू, कारण तिथे तातडी आहे.

ही जागा खरंच आहे का? मध्यस्थ ‘निघणार आहे’ म्हणतो. आपल्याकडच्या अनुदानित महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाचं पद असं हवेतून निघत नाही. त्या विषयाचा वर्कलोड (तासिकांचा भार) मंजूर असावा लागतो, बिंदुनामावली तपासून घेतलेली असावी लागते, पद भरायला शासनाची ना हरकत लागते, जाहिरात विद्यापीठाच्या मान्यतेनं प्रसिद्ध होते. निवड झाल्यावरही विद्यापीठाची मान्यता आणि सहसंचालक कार्यालयाकडून वेतन सुरू होणं या दोन पायऱ्या उरतातच. यातला कुठला कागद तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय? पत्रात एकाचाही उल्लेख नाही. आणि ते पद अनुदानित आहे की विनाअनुदानित, याचाही नाही. पर्यावरणशास्त्राचे पदवीचे वर्ग पुष्कळ ठिकाणी विनाअनुदानित तुकडीवर चालतात. तिथे ‘कायम’ या शब्दाला पगाराच्या दृष्टीनं फारसा अर्थ राहत नाही. अनुदानित महाविद्यालयाला माहितीचा अधिकार लागू आहे. मंजूर पदं किती, रिक्त किती, ना हरकत मिळाली का, हे साध्या अर्जावर विचारता येतं. संस्थेच्या नजरेत यायचं नसेल तर सहसंचालक कार्यालयात विचारा.

आता त्याहून मोठी अडचण, आणि ती फक्त तुमची नाही. १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. पदवीच्या सर्व शाखांना तो लागू व्हायला २००४ साल उजाडलं. २०२३ मध्ये यूजीसीनं नवा आराखडा आणून त्याला चार क्रेडिट दिली. आपल्याकडे अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय आहे. हे सगळं वाचून कुणालाही वाटेल की राज्यातलं प्रत्येक महाविद्यालय तुमच्यासारख्याच्या शोधात असेल. प्रत्यक्षात जून महिन्यात वेळापत्रक लावताना ज्यांचा वर्कलोड कमी भरतो त्यांच्या गळ्यात हा विषय पडतो. कधी इतिहासाचे सर, कधी वनस्पतिशास्त्राच्या मॅडम. त्यांचा दोष नाही, बिचारे रात्री पुस्तक वाचून सकाळी शिकवतात. पण विषय सक्तीचा झाला म्हणून पदं निर्माण झाली, हे खरं नाही. तुम्ही एम.एस्सी.ला प्रवेश घेताना कुणीतरी तुम्हाला तसं सांगितलेलं दिसतं.

पाण्याच्या परिसंस्थेवर शिकवणाऱ्यांच्या जागा बहुतेक प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र विभागांत असतात. मत्स्यजीवशास्त्र, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), शेवाळं हे सगळं तिथेच शिकवलं जातं. तुमची पीएच.डी. नेमकी त्याच कामाची आहे, पण पदव्युत्तर पदवी पर्यावरणशास्त्राची. नियमात ‘संबंधित किंवा संलग्न विषय’ असे शब्द असले तरी जाहिरातीत ‘प्राणिशास्त्र’ छापलं असेल तर छाननीतच अर्ज बाजूला पडू शकतो. तुम्ही अकरा अर्ज केले आणि सहा ठिकाणांहून बोलावणंच आलं नाही, असं लिहिता आणि त्याचा अर्थ ‘मी कमी पडतो’ असा लावता. मला तो अर्थ पटत नाही. त्या सहा जाहिराती पुन्हा काढून विषयाचा रकाना बघा.

पैशांबद्दल मला गुळमुळीत बोलायचं नाही. देऊ नका. ‘सगळेच देतात’ हे मलाही ऐकू येतं. पण अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी आणि कर्मचारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लोकसेवक धरले जातात, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केलेली असावी लागते. म्हणजे जागा मिळाली नाही, पैसे बुडाले, तर तुम्ही कुणाकडे दाद मागणार? मध्यस्थाला हे पक्कं ठाऊक असतं, त्याचा धंदाच त्यावर उभा आहे. तक्रार करायचं धैर्य असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. नसेल तर त्यासाठी मी तुम्हाला दोष देणार नाही. लहान गावात राहून संस्थाचालकांशी वैर घेणं काय असतं याची कल्पना मला आहे. पण फोन उचलणं तरी बंद करा.

जमिनीबद्दल दोन प्रश्न. तुमच्या पत्रात एका ओळीत ‘लहान बहीण गोंदियाला दिली आहे’ असं येतं आणि ती पुन्हा कुठेच येत नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर तिचाही वाटा तुमच्याइतकाच आहे. तिला कुणी विचारलंय का? दुसरा प्रश्न वडिलांबद्दल. ते ‘तयार आहेत’ असं तुम्ही लिहिता, पण ते कधी म्हणाले ते सांगताना एका नातलगाच्या साखरपुड्याहून परत येतानाची गोष्ट सांगता, जिथे तुमच्याबद्दल काहीतरी बोललं गेलं होतं. मला वाटतं त्यांनी जमीन विकायची तयारी दाखवली नाही. तुमचा अपमान यापुढे बघवत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. त्यांना एकदा निवांत सांगा की नागपूरला महिना ३८ हजारांची नोकरी समोर आहे आणि जमीन शाबूत ठेवून ती घेता येते. मग ते काय म्हणतात ते ऐका. पत्रावरून त्यांना ही दुसरी बाजू कुणी नीट सांगितल्याचं दिसत नाही.

कायम जागेचं महत्त्व मी नाकारत नाही. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, वर महागाई भत्ता. नऊ तासिकांच्या मानधनाशेजारी हा आकडा ठेवला की कुणाचाही जीव वरखाली होईल. नियमानं, पैसे न देता, अशी जागा मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. अर्ज करणं थांबवू नका. सरकारी महाविद्यालयांच्या जागा लोकसेवा आयोगाकडून भरल्या जातात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. विद्यापीठांचे विभाग, खासगी विद्यापीठं, राज्याबाहेरच्या संस्था यांकडेही पाहा. ‘इंग्रजी कच्चं आहे’ म्हणून तुम्ही त्या यादीवर काट मारली आहे. प्रबंध इंग्रजीत लिहिलात ना? मग बोलण्याचा सराव सहा महिन्यांत होतो. मुलाखतीत शिकवण्याचं प्रात्यक्षिक मागितलं तर ती पहाटेची बाटली आणि दुपारची बाटली सांगा. निवड समितीतल्या अर्ध्या लोकांनी त्यांच्या आयुष्यात पहाटेचा डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) काढलेला नसतो.

पण कायम झाल्यावर काय होतं, हेही माहीत असू द्या. नॅकच्या (महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या) फाइली, प्रवेशासाठी गावोगाव फिरणं, परीक्षेची ड्यूटी, उत्तरपत्रिका, हे सगळं आठवड्याच्या सोळा तासिकांच्या वर. रसायनांच्या खरेदीला वर्षभर मंजुरी न मिळालेली प्रयोगशाळा. तुम्ही लिहिता, ‘एकदा जागा मिळाली की मग निवांत तलावांचं काम करीन.’ तुमच्या ओळखीतले कायम झालेले किती जण आज पाण्यात उतरतात? नावं आठवून बघा.

आता नागपूर. तुम्ही त्या नोकरीचं वर्णन ‘कंपन्यांना परवानग्या मिळवून देणं’ असं केलंय, आणि त्यात चीड आहे. ती रास्त आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघात मूल्यांकन लागतं, अहवाल प्रकल्पवाल्याच्या पैशानं तयार होतो आणि त्यातलं जलीय परिसंस्थेचं प्रकरण पुष्कळदा सर्वांत दुबळं असतं. प्लवकांच्या याद्या एका अहवालातून दुसऱ्यात उचललेल्या, नदी कुठलीही असो. पण ते प्रकरण दुबळं का असतं? ते लिहायला ज्यानं स्वतः सेजविक-राफ्टर सेलमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली प्लवक मोजायच्या काचपेटीत) डोळे फोडलेत असा माणूस तिथे क्वचित बसतो. बहुतेक प्रकल्पांसाठी पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती पुरेशी धरली जाते. तुमच्या भागात मासे चढतात पावसाळ्यात. पहिल्या मोठ्या पावसात तलावातून ओढ्यात, ओढ्यातून धानाच्या बांध्यांत, अंडी घालायला. ज्या हंगामात सगळं घडतं तोच वगळून अहवाल पूर्ण होतो. हे तुम्हाला ठाऊक आहे आणि त्या कंपनीतल्या कुणाला बहुधा नाही. तुमच्या एका परिच्छेदानं प्रकल्प रद्द होणार नाही, अशी खोटी आशा मी दाखवत नाही. पण ओढ्याचं तोंड बुजवू नका, ही एक अट अहवालात शिरली तरी एका तलावाला फरक पडतो.

नोकरी स्वीकारण्याआधी मात्र कंपनीला काही गोष्टी स्पष्ट विचारा. कंपनीला नॅबेटची (पर्यावरण सल्लागारांना मान्यता देणाऱ्या मंडळाची) मान्यता आहे का, आणि परिसंस्था व जैवविविधता या क्षेत्राचे तज्ज्ञ म्हणून तुमचं नाव नोंदवलं जाणार आहे का? नोंद झाली तर तो अनुभव पुढे कुठेही चालतो, नाहीतर तुम्ही फक्त नमुने गोळा करणारा माणूस ठरता. अहवालावर सही कुणाची? तुम्ही न घेतलेल्या नमुन्यांवर तुमची सही मागितली तर काय? या प्रश्नावर समोरचा माणूस हसला, तर त्या हसण्यावरून ठरवा. भविष्यनिर्वाह निधी, प्रवासभत्ता, क्षेत्रकामाचा विमा हे कागदावर घ्या. यूजीसीनं २०२२ पासून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केली आहे आणि उद्योगातून परत महाविद्यालयात येता येतं असं कुणी सांगेल. त्याला पंधरा वर्षांचा अनुभव लागतो आणि ते पद मुदतीचं असतं. त्या भरवशावर आज काही ठरवू नका.

“नागपूरला गेलो तर शिकवणं सुटलं” या तुमच्या वाक्यावर थोडं थांबतो.

तुमच्याच जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलावांतली बेशरम (तलाव व्यापून टाकणारं तण) उपटून, तळ नांगरून, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचं काम ढीवर बायकांनी केलेलं आहे. कुठली वनस्पती कुठल्या खोलीला, कुठल्या माशाला कुठला आडोसा, हे ज्ञान त्यांचं. त्यांच्या शेजारी उभं राहून डीओ, गढूळपणा, प्लवक मोजून देणारा माणूस लागतो, आणि मोजलेलं त्यांना समजेल असं सांगणारा तर फारच दुर्मीळ. मच्छीमार सहकारी संस्थांच्या बैठकीत पहाटेच्या ऑक्सिजनबद्दल अर्धा तास बोललात तर तो तास कुठल्याही हजेरीपटात लागणार नाही, पण ते शिकवणं नाही असं कोण म्हणेल? ग्रामपंचायतींच्या जैवविविधता समित्यांच्या नोंदवह्या आहेत. २०२० च्या सुमाराला मुदत गाठण्यासाठी त्या घाईघाईनं भरल्या गेल्या आणि अनेक गावांत तलावाचं पान जवळजवळ कोरं आहे. त्या सुधारण्याच्या कामाला थोडं मानधनही असतं. राज्याच्या जनुक कोश प्रकल्पात गोड्या पाण्यातली जैवविविधता हा एक विषय आहे. यातल्या कुठल्याही एकावर घर चालणार नाही, हे मान्य. म्हणून तर नागपूरचे ३८ हजार.

आता ते तीन तलाव. ‘एवढ्या छोट्या विषयावर कोण विचारतो’ असं तुम्ही स्वतःच लिहून ठेवलंय. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रेमंड लिंडेमन नावाच्या तरुणानं सीडर बॉग लेक या जेमतेम मीटरभर खोलीच्या, हळूहळू दलदल होत चाललेल्या तळ्यावर पाच वर्षं काम केलं. बायको एलिनॉर बरोबरीनं नमुने मोजायला. कोण काय खातं आणि ऊर्जा कुठून कुठे जाते, एवढंच त्याला पाहायचं होतं. त्याचा लेख तज्ज्ञांनी आधी नाकारला. यात सिद्धान्त फार आणि तळी थोडी, असा आक्षेप होता. येल विद्यापीठातल्या हचिन्सन यांनी त्याची बाजू घेतली आणि १९४२ मध्ये तो छापून आला. तोवर लिंडेमन २७ व्या वर्षी वारला होता. आज परिसंस्थेतला ऊर्जाप्रवाह जगभर शिकवतात तो त्या लेखाच्या पायावर. हचिन्सन स्वतः १९३२ मध्ये लडाखच्या सरोवरांवर काम करून गेले होते आणि गंमत म्हणजे त्यांच्याकडे पीएच.डी. नव्हती. तुम्ही लिंडेमन व्हा असं माझं म्हणणं नाही. विषय लहान असल्याची तक्रार तेवढी मागे घ्या.

तुमच्याकडे तर अशी एक गोष्ट आहे जी नव्यानं मिळवता येणार नाही. तुमच्या तीन तलावांपैकी एकाचा गाळ ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत काढला गेला, आणि त्याच्या आधीची दोन वर्षं व नंतरची चार वर्षं दर महिन्याच्या नोंदी तुमच्या वहीत आहेत. यंत्रानं तळ खोल केला की काठचा उथळ पट्टा जातो, आणि देवधान (रानटी भात), कमळ, मरळीची घरटी, पाणपक्ष्यांचं खाद्य हे सगळं त्याच पट्ट्यावर असतं. पाणी वाढलं पण तलाव गरीब झाला का, याचं आकड्यांत उत्तर देऊ शकणारी माणसं राज्यात किती असतील? २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा उच्च न्यायालयापर्यंत प्रश्न गेला आणि आघारकर संशोधन संस्थेनं क्षारात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचं कारण सांगितलं. लोणारकडे निदान सगळ्यांचं लक्ष असतं. तुमचा तलाव उद्या हिरवाकंच झाला तर विचारायला तुमच्याशिवाय कुणी नाही.

म्हणून त्या नोंदींचा एक चांगला लेख करा. एकच. गुणांसाठी पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांत चार तुकडे करू नका. यूजीसीनं २०२५ मध्ये केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) बंद केल्यापासून कुठल्या नियतकालिकाला वजन द्यायचं हे निवड समित्या आपापल्या परीनं ठरवू लागल्या आहेत, तेव्हा सहकाऱ्यांनी खरोखर तपासून छापलेला एक लेख जास्त उपयोगी. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल पाठ्यवृत्तीसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ३५ आहे, आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे. तुमच्या हातात वेळ थोडा आहे. त्या लेखाचा मसुदा आणि गाळ काढण्याच्या परिणामांचा प्रस्ताव घेऊन एखाद्या राष्ट्रीय संस्थेतल्या मार्गदर्शकाला लिहा. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहा. अशा पत्रांना उत्तर देण्याची आपल्याकडे पद्धत नाही, त्याचं मनाला लावून घेऊ नका.

थोडक्यात माझा कल तुम्हाला कळलाच असेल: जमीन ठेवा, नागपूरला जा, पण या सत्राच्या शेवटी जा. मुलांचे प्रकल्प अर्धे टाकून नको. नागपूरहून तुमचा तलाव दोन-अडीच तासांवर आहे. महिन्यातला एक रविवार पहाटेच्या नमुन्यांसाठी ठरवून टाका आणि मुलाखतीतच कंपनीला सांगून ठेवा. दोन वर्षं अर्ज करत राहा. दोन वर्षांनी पुन्हा बघा. तेव्हा तुम्ही ३५ चे असाल, हाताशी बचत असेल, एक लेख असेल आणि सहीचा अनुभव असेल. आज सीएचबीच्या सातव्या वर्षाला बसलात तर ३५ व्या वर्षी आठवं वर्ष संपलेलं असेल, आणि सीएचबीची वर्षं निवड समितीसमोर किती मोजली जातात ते तुम्ही पाहिलंच आहे.

याच्या उलट निर्णय घेणारे वाचकही असतील. घरातल्या कुणाचं आजारपण, मुलं लहान, गाव सोडता येत नाही. त्यांनी सीएचबीवर राहावं, त्यात कमीपणा काही नाही. फक्त किती वर्षं, हे आधी ठरवून घरच्यांना सांगावं, आणि शेजारी दुसरं उत्पन्न उभं करावं. पाणी तपासणीची जिल्ह्यातली कामं, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळांतल्या कंत्राटी जागा, शिकवण्या, काहीही. ‘पुढच्या जूनमध्ये बघू’ असं करत सहा वर्षं कशी जातात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

लग्नाबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण पानोपानी ते डोकावतं. एवढंच म्हणतो की पदाकडे बघून होकार देणारं स्थळ तुमच्या पहाटेच्या रविवारांना किती दिवस सोसेल, याचा विचार बैठकीआधी करा.

शेवटी तुमचा ताजा कलम: टी.वाय.च्या दोन मुली विचारतात की एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राला करू का, आणि तुम्हाला काय सांगावं ते सुचत नाही. त्यांना शिकवायच्या क्षेत्रात यायचं असेल तर माझं मत असं: एम.एस्सी. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्रात करा आणि प्रकल्प, पुढे पीएच.डी., पाण्यावर करा. दारं जास्त उघडी राहतात. २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट ही किमान अट आहे, पीएच.डी. नाही, तेव्हा ती परीक्षा पहिल्या दोन वर्षांतच काढा. प्रदूषण नियंत्रण, सल्लागार कंपन्या, प्रयोगशाळा असा विचार असेल तर पर्यावरणशास्त्र चांगलं आहे. फक्त सोबत जीआयएस (संगणकीय नकाशातंत्र), सांख्यिकी आणि एखाद्या जीवगटाची नीट ओळख, मग ती डायटम (सूक्ष्म शेवाळं) असोत की चतुर, पक्की करून घ्या. आणि प्रवेश घेण्याआधी दोघींना त्या विभागात एक चक्कर मारायला सांगा. पाण्याची प्रयोगशाळा बघायला मागायची. किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यातच अर्धा तास गेला, तर दुसरा विभाग बघायचा.